विस्टिनचं उत्तर

विस्टिन माझा धाकटा भाऊ. सख्खा. माल्टातल्या आमच्या अख्ख्या झेजतून गावात सवाल-जवाबाचं गाणं त्याच्यासारखं कुणी गात नाही, आणि त्याच्यामागे माझ्यासारखी गिटार कुणी वाजवत नाही. विचारा कुणालाही. समोरच्यानं कडवं टाकलं की तिथल्या तिथं यमक जुळवून त्याला झोपवायचं, हा आमचा खेळ. जुनं कडवं परत गायलं की इज्जत गेली.

विस्टिनला आतड्याचा कॅन्सर झाला. बरा झाला, पण केमोनं त्याचे शब्द पळवले. ‘ते... हे... कशानं पाव कापतात ते दे दादा,’ म्हणायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘केमोनं होतं असं. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं.’ हळूहळू! आणि आमचा खेळ क्षणाचा.

तरी रविवारी बसलाच चेन्सूसमोर. चेन्सू मासेवाला, गाण्यातला चाळीस वर्षांपासूनचा वैरी. त्यानं टाकलं:

दर्यावरती वारा सुटला,
जाळं माझं भरलं,
विस्टिन सांग, तुझ्या तोंडात
उत्तर किती उरलं?

कडव्यांच्या मधे गिटार वाजते, तेवढ्यात उत्तर जुळवायचं. मी गिटार ताणली. आणखी ताणली. ‘नेनू, झोपलास का रे!’ कुणीतरी माझ्यावर ओरडलं. विस्टिननं डोळे मिटले आणि गायला. चेन्सूचंच कडवं. ‘विस्टिन सांग, तुझ्या तोंडात’सकट.

लोक खोखो हसले. त्यांना वाटलं, मुद्दाम गंमत केली. चेन्सू हसला नाही. माझं बोट तारेवर चुकलं. माझं! कधी चुकत नाही.



दुसऱ्या दिवशी सकाळी विस्टिन मला ओढत चेन्सूच्या मासळीच्या गाडीपाशी घेऊन गेला. बायकांच्या गर्दीत उभा राहून खणखणीत आवाजात गायला:

शिळी तुझी मासळी चेन्सू,
मीठ तिला ना पुरलं,
माझं उत्तर चाखून बघ,
रात्रभर ते मुरलं!

बायकांनी टाळ्या पिटल्या. माझी छाती अशी फुगली! माझा भाऊ आहे, म्हटलं.

‘गा की आता!’ विस्टिन म्हणाला. ‘तुझी पाळी.’

चेन्सूनं तोंड उघडलं. मी त्याला ओळखतो, कडवं जिभेवर आलं होतं. त्यानं विस्टिनकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि तराजूत मासा टाकला.

‘हरलो रे बाबा. तू जिंकलास.’

चाळीस वर्षांत चेन्सू असं कधी म्हणाला नव्हता. विस्टिनला ते कळलं. त्याचा चेहरा पडला.

‘दादा,’ तो म्हणाला, ‘घरी चल.’