दाट विणीची चूक

पाणी उतरत नव्हतं. रविवारची दुपार होती आणि मी भिवंडीच्या आमच्या घराच्या ओट्यावर एका पारदर्शक पाइपासमोर बसले होते. पाइपाच्या तळाला कापड बांधलेलं, त्यावर राजस्थानातल्या एका खाणीची माती, वर चार बोटं पाणी. शेजारच्या लूमच्या खटखटाटात मी लहानपणी झोपायचे. आताही डोळे जड झाले होते. पण पाइपाखालची परात कोरडी होती आणि मला धडकी भरली होती.

माझं काम ड्रेनेज डिझाइनचं. खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडमातीचे डोंगराएवढे ढीग रचतात. या खाणीचा ढीग एका कोरड्या नाल्यावर येणार होता. नाल्यात मोठे दगड भरायचे, त्यांना फिल्टरचं कापड गुंडाळायचं आणि त्यावर ढीग. पाणी दगडांच्या फटींतून निघून जातं, कापड बारीक माती बाहेर ठेवतं. एवढंच डिझाइन.

“तिकडे पाऊसच नाही, ड्रेन कशाला?” साहेबांनी सुरुवातीलाच विचारलं होतं.

“सर, तिथं तो वर्षानुवर्षं येत नाही, आणि मग एका दुपारी सगळा येतो.”

पाया भिजला की ढीग घसरतो. खाली बारा-पंधरा घरांची वस्ती होती. साइटवर गेले तेव्हा तिथल्या एका बाईनं मला ताक दिलं होतं. ताक पिताना तिच्या दारातून तो नाला दिसत होता, पांढऱ्या उन्हात झोपल्यासारखा. पुढं कित्येक दिवस ड्रॉइंगवर रेघ ओढताना मला ते दारच दिसायचं.

कापड आमच्याच गावात विणलं, रियाजचाचांच्या शेडमध्ये. बाबांनी आणि त्यांनी एकाच कारखान्यात लूम चालवले होते. ऑर्डरमध्ये मी ताकद किती हवी ते लिहिलं आणि पुढं लिहिलं, ‘वीण दाट’. नमुना आला तेव्हा बाबांनी तो उजेडासमोर धरला. “आरपार कायच दिसत न्हाय. एक नंबर माल हाय!” मीही धरून पाहिला, मान डोलावली. लूमवर जगलेल्या घरात चांगलं कापड म्हणजे हेच. ताकदीची टेस्ट पास झाली, क्लायंट खूश झाला. पाणी किती पार जातं ही टेस्ट मी ‘करू नंतर’ म्हणून ठेवून दिली. साइटवरून मातीचं पोतं आलं शनिवारी. तोवर सगळे रोल राहनाळच्या गोडाऊनमध्ये होते आणि ट्रक सोमवारी सकाळी निघणार होता.

बाबा बाहेर आले. “अजून न्हाय उतरलं?”

“न्हाय, बाबा.”

“मंग? कापड पक्कं हाय ना!”

मला हसू आलं, आणि लगेच रडू.

मी साहेबांना फोन लावला. “सर, उद्याचा ट्रक थांबवा. कापडातून पाणी जात नाही.”

“क्लायंटनं पास केलंय, मॅडम. घरच्या टेस्टवर मी त्यांना काय सांगू?”

“लॅबमध्ये करून घ्या. पण तोवर या कापडावर मी सही करणार नाही. दाट वीण मी मागितली. चूक माझी.”

ते म्हणाले, “मेल करा. चूक कोणाची, तेही लिहा.”

लिहिलं. ट्रक थांबला. लॅबनंही तेच सांगितलं.

खरी कठीण गाठ रियाजचाचांशी होती. “बेटा, माल में दाग दिखाओ.”

“दाग नहीं है, चाचा. माल जरूरत से ज्यादा अच्छा है. पिक कम करो.” पिक म्हणजे इंचातले आडवे धागे.

“जाली बनाऊं? मैं? लोग हसेंगे.”

मी त्यांना ओट्यावर आणून पाइपासमोर बसवलं. कोरडी परात पाहून त्यांनी पिक कमी करत नवे नमुने विणले. पहिला तुंबला. दुसऱ्यातून मातीच वाहून आली. तिसऱ्यातून आधी गढूळ थेंब पडले, मग नितळ. थेंबामागून थेंब परातीत पडत होता. आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. चहा कधी गार झाला कळलं नाही. कुठल्या तरी दूरच्या माळावर, डोंगराच्या पोटातून पाणी चाललंय असं मला वाटत होतं. चाचा हळूच म्हणाले, “कितने आराम से जा रहा है.”

त्याच विणीचं कापड साइटवर गेलं, ढीग उभा राहिला. दोन वर्षं काही झालं नाही. मग तिकडे एका दुपारी पाऊस कोसळला आणि साइटवरून व्हिडिओ आला. ढिगाच्या पायथ्याशी दगडांतून स्वच्छ पाणी बाहेर येत होतं, वस्तीतल्या शेळ्या ते पीत होत्या. मी तो किती वेळा पाहिला, सांगत नाही.

तेव्हापासून ऑर्डरमध्ये मी आधी पाणी किती जायला हवं ते लिहिते, मग बाकीचं. ‘दाट’ हा शब्द लिहीतच नाही.

व्हिडिओ चाचांना दाखवला. “इसमें मेरा कपडा कहां है?”

“नीचे. दबा हुआ.”

“कहीं नाम तो लिखा होगा?”

“नाम ड्रॉइंग पे है, चाचा. मेरा. और वो भी पानी रुका, तभी कोई पढेगा.”

त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. “फिर पढने मत देना,” ते म्हणाले.