घरात घालायचे बूट

मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलं तेव्हा मला वाटलं होतं, पळणं तेवढं अवघड असेल. बाकी काही लागत असेल, असं डोक्यात आलंच नव्हतं. महिन्याभरात कळलं की मोजेसुद्धा चुकीचे असू शकतात.

आमचा ग्रुप रविवारी पहाटे मुलुंडमध्ये पळतो. मी मुद्दाम शेवटी असते. शेवटच्या माणसाशी फारसं कोणी बोलत नाही. तरी एकदा एका काकूंनी मागे वळून माझे पाय पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, कॉटनचे मोजे? फोड येतील!" पुढच्याच सिग्नलला एक गृहस्थ म्हणाले, "मी तर कायम कॉटनच वापरतो. काही होत नाही." टोपी हवीच, असं एकाचं म्हणणं. टोपीने डोकं तापतं, असं दुसऱ्याचं. मी सगळ्यांना "हो, हो" म्हणत राहिले आणि घरी येऊन काहीच विकत घेतलं नाही.

मग उजवी नडगी दुखायला लागली. 'नडगी' हा शब्दही मला तेव्हाच आईकडून कळला. तोपर्यंत मी नुसतं "इथे पुढे दुखतंय" म्हणत होते. ग्रुप चालवणारे काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी माझा कॉलेजपासूनचा बूट हातात घेतला, उलटा केला, तळ अंगठ्याने दाबला.

"हा बूट नाही गं, ही नाडी बांधलेली चप्पल आहे. येत्या रविवारी सोळा किलोमीटर आहेत. नीट बूट घेऊन ये, नाहीतर येऊच नकोस. ही नडगी आणखी बिघडली ना, तर शर्यत विसर."

मला शर्यत विसरायची नव्हती. का, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. ऑफिसात नाही, घरीही अर्धवटच. एवढी एक गोष्ट मी कोणी सांगितलं नसताना सुरू केली होती.

त्या रात्री बुटांबद्दल जे सापडलं ते वाचलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे वाचायला अडचण नव्हती. शब्द सगळे कळत होते. टाच किती उंच, गादी किती मऊ, पाऊल आत झुकतं की बाहेर. यातली मी कोणती, एवढंच कुठे लिहिलेलं नव्हतं.

बुधवारी अंधेरीच्या ऑफिसमधून सुटून घाटकोपरच्या एका मॉलमधल्या दुकानात गेले. विक्रेता माझ्याच वयाचा होता.

"मॅडम, पाय आत वळतो की बाहेर?"

"नॉर्मल," मी म्हणाले. हे उत्तर मला सुरक्षित वाटलं.

"चला, बघूनच घेऊ. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळा जरा. खाली कॅमेरा आहे."

पट्टा दुकानाच्या बरोबर मध्यभागी. माझ्या अंगात कुर्ता आणि जीन्स. पहिली दोन पावलं टाकली आणि धप्प धप्प असा आवाज झाला. क्रिकेटच्या बॅटी बघणारं एक अख्खं कुटुंब माझ्याकडे वळलं. मी लगेच चवड्यांवर आले. आवाज थांबला. ते कुटुंब परत बॅटींकडे वळलं.

विक्रेता कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघून खूश झाला. "क्या बात है! तुम्ही पुढच्या पायावर, म्हणजे चवड्यावर पळता, मॅडम. नवीन लोकांत असं फार कमी असतं." त्याने कमी टाचेचा, पातळ तळाचा एक बूट काढला. कौतुक झाल्यावर खरं सांगायचं राहून गेलं. शिवाय मला स्वतःलाही वाटलं, की असेन कदाचित तशी.

"पंधरा दिवसांत बदलून मिळतील," बिल देताना तो म्हणाला. "पण फक्त घरात घालून बघा. तळाला रस्त्याची धूळ लागली की परत घेणार नाही."

फक्त घरात. मी मान डोलावली आणि रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की आमच्या घरात बूट कधी आलेलेच नाहीत. ते दाराबाहेर रॅकमध्ये असतात. पाहुण्यांचेही.

"घरात?" आईने खोक्याकडे बघितलं. "बूट घालून घरात फिरणार तू?"

"नवे आहेत गं. दुकानवाल्याने सांगितलंय."

"त्याच्या घरी फिर म्हणावं."

बाबांनी मोबाईलमधून डोकं काढलं. "अगं, कोरे आहेत. त्यांनी रस्ता पाहिलासुद्धा नाही."

"आणि दुकानात पळून बघितलं असेल ना? तिथे सगळ्या गावाचे बूट येतात."

मी जिन्यात फिरते म्हणाले, पण जिन्यात धूळ. गच्चीवर तर त्याहून जास्त. शेवटी आईनेच ओल्या फडक्याने दोन्ही तळ पुसले, कोरडे केले आणि हद्द ठरवून दिली. हॉलपासून माझ्या खोलीपर्यंत. स्वयंपाकघरात नाही, कारण देव तिथे आहेत.

मी फेऱ्या मारायला लागले. बाबांनी पाय सोफ्यावर घेतले. बूट हलके होते, छान होते. तिसऱ्या फेरीला आई पोळी लाटता लाटता थांबली.

"अशी काय चोरासारखी चालतेयस?"

"चालत नाहीये, पळतेय. मी पुढच्या पायावर पळते."

"कोण म्हणालं?"

"कॅमेऱ्यात दिसलं."

"काहीतरीच. तू टाच आपटतेस. लहानपणापासून. लिफ्टमधून बाहेर आलीस की मला इथे गॅसपाशी कळतं."

"हे खरंय," बाबा म्हणाले. "मलाही कळतं."

मी हॉलच्या मधोमध उभी राहिले. माझ्या चालण्याचा आवाज या दोघांना इतकी वर्षं पाठ होता आणि मला माहीतच नव्हता. मग दुकानातल्या पडद्यावर कोण होतं? तीही मीच होते. मी नेहमीसारखी पळायचा प्रयत्न केला, पण आता नेहमीसारखं म्हणजे कसं, तेच आठवेना. आई म्हणाली, "पायांकडे बघू नकोस. दार वाजलं समज आणि जा." तशी गेले. टाच पातळ तळावर आपटली आणि नडगीत ओळखीची कळ आली.

शनिवारपर्यंत मी एक वाक्य मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत तयार केलं. तिन्ही भाषांत ते तितकंच वेडगळ वाटत होतं. आईने विचारलं, "येऊ का बरोबर?" मी नको म्हणाले आणि घाटकोपरला उतरेपर्यंत पस्तावले.

"हे बूट बदलायचे आहेत," मी विक्रेत्याला म्हणाले. "त्या दिवशी मी जशी पळाले, तशी मी पळत नाही."

"मग कशी पळता?"

"टाच आपटून. आवाज येत होता म्हणून मी..."

तो हसला, पण माझ्यावर नाही. "सगळे करतात, मॅडम. परवा एक काका पोट आत ओढून पळाले. उतरल्यावर पाच मिनिटं बसून होते." त्याने बुटांचे तळ उजेडात धरून पाहिले. "एवढे स्वच्छ परत आलेले बूट मी पहिल्यांदाच बघतोय."

मी पुन्हा पट्ट्यावर चढले. या वेळी आवाज होऊ दिला. शनिवारची गर्दी होती, बरेच जण वळले. मी समोरच्या थर्मास ठेवलेल्या फळीकडे बघत राहिले. अजिबात बरं वाटत नव्हतं, पण थांबले नाही.

मग त्याने जाड टाचेचे दोन वेगळे बूट आणले. एक डाव्या पायात, एक उजव्या. "दोन्ही चालतील तुम्हाला. आता तुम्ही सांगा."

मी चालले, वळले, उड्या मारल्या. डावा जरा मऊ, उजवा जरा घट्ट. घट्ट चांगलं की मऊ? त्याच्या चेहऱ्यावर काही मिळतंय का पाहिलं. तो शांतपणे बुटांकडे बघत होता.

"उजवा," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की नाही. पण उजवा द्या."

रविवारी पंधरा किलोमीटरपर्यंत नडगी गप्प होती. सोळाव्यात किंचित दुखली. ते बुटामुळे की सोळाव्या किलोमीटरमुळे, हे मला अजून सांगता येत नाही. काकांनी पुढच्या रविवारचं अंतर लिहून घ्यायला सांगितलं आणि मी लिहून घेतलं.