शालनची हजेरी

बाबासो भिंतीकडे तोंड करून आडवा होतो. बाहेर टळटळीत ऊन आहे, पण रात्रपाळी करणाऱ्याची रात्र दिवसाच उगवते, त्याला कोण काय करणार. हळदीच्या कारखान्यात पॉलिशचा ड्रम रात्रभर फिरतो आणि घरी आल्यावरही त्याची घरघर कानात राहते. ती लांब लांब जाऊ लागली, की समजायचं झोप आली.

आज ती लवकर जात नाही, कारण दुपारी सेवा केंद्रात जायचं आहे.

त्याची बायको शालन जाऊन पाच महिने झाले. माहेरी गेली होती, तिथे तापाने आटोपलं, अग्नीही तिथेच दिला. मेहुणा म्हणाला, ग्रामपंचायतीत नोंद करून टाकतो. हा म्हणाला, राहू दे, मी बघतो. आणि बघितलंच नाही. पुढच्या महिन्यात शालनच्या खात्यावर बायकांचे सरकारी पैसे नेहमीसारखे आले, मोबाइल वाजला, आणि ह्याला वाटलं, ती कुठेतरी कामाला गेली आहे नि तिथून पाठवते आहे. म्हणाल तर लबाडी, म्हणाल तर वेड. त्या पैशांत गॅस आला, लेकीला, सानिकाला, शाळेचे बूट आले. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, आई गेलेल्या मुलीला वेगळी मदत मिळते, मृत्यूचा दाखला तेवढा आणा. पण हातचं सोडून पळत्याच्या पाठी कोण लागतं? शिवाय दाखला मागायचा म्हणजे शालन मेली, असं कुणाच्या तरी तोंडावर म्हणायचं. ते त्याला आजवर एकदाही जमलेलं नाही.

आता नवा हुकूम निघाला आहे. पैसे चालू ठेवायचे तर बाईने स्वतः मोबाइलपुढे बसायचं, चेहरा दाखवायचा, डोळ्यांची उघडझाप करायची. केंद्रवाला ओळखीचा. त्यानेच वाट काढून दिली, की पोरगी आईच्या तोंडवळ्याची आहे, साडी नेसवून आणा, मशीन घेतंय का बघू. सानिका बारा वर्षांची. तिने एक प्रश्न विचारला नाही, नुसती ट्रंकेतून आईची साडी काढून उशाशी ठेवली. ते बघून बाबासोने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काही उगीच नाही.

ड्रम थांबतो. मोरीत कपडे घासल्याचा आवाज येतो आहे.

शालन उकिडवी बसून त्याचा कामाचा शर्ट घासते आहे. हळदीला साबण लागला की ती लाल होते, त्यामुळे मोरीतून लाल पाणी वाहतं आहे. ती होती तेव्हा रोज सकाळी हाच कार्यक्रम असायचा. शर्ट झाला की त्याचे हात धरायची, मनगटापर्यंत साबण चोळायची आणि म्हणायची, मला मेलीला कुंकू विकत घ्यायला नको. ती गेल्यापासून त्याचे हात पिवळेच आहेत.

"कवा आलीस?" तो विचारतो.

"आले कुठली," ती मान वर न करता म्हणते. "वढून आनलं की तुमी."

तो उठून मोरीच्या उंबऱ्यावर पाय ठेवतो, तर खाली मोरी नाही. हरिपूरचं पेव आहे. हळद साठवायला जमिनीत खोल, ऐसपैस खणलेलं आणि वर माणूस जेमतेम मावेल एवढंच तोंड ठेवलेलं ते पेव, ज्यात त्याचे वडील उतरायचे. बाबासोच्या हातात दोर आहे. दोराला ओझं आहे. तो सवयीने ओढतो, पोतं वर यावं तसं ओझं वर येतं, आणि ते ओझं म्हणजे शालनच असते. केस ओले, पाय अनवाणी.

ती काठावर बसते आणि दम खाते. तिकडे लाईन असते, असं ती सांगते. लाईन फार हळू सरकते. तिचा नंबर येतो आणि नेमका ह्याचा मोबाइल वाजतो, मग तिला पुन्हा शेवटी जाऊन उभं राहावं लागतं. दर महिन्याला हेच. तक्रारीचा सूर नाही. रेशनच्या दुकानातून परत आल्यावर सांगायची, तशीच सांगते आहे.

"पन दहाव्याला कावळा लगेच शिवलाता," बाबासो म्हणतो.

"शिवनारच की. मी कशात जीव ठिवला नव्हता. तुमी ठिवलासा."

मग तो तिला सगळं सांगू लागतो. गॅस किती चढला, खोलीचं भाडं कसं थकलं, हंगाम संपला की मालक पाळ्या कशा कमी करतो. ती असताना पगाराच्या दिवशी ती ऐकायची आणि हा बोलायचा. आताही ती ऐकून घेते. सांगता सांगता त्याला रडू फुटतं, कारण पाच महिन्यांत हे ऐकायला कोणी मिळालेलं नाही.

"मला कळत न्हाई व्हय?" ती म्हणते. "तुमच्या पगारात घर मीच चालवलंय. माझं काय न्हाई, मी पुन्हा हुबी ऱ्हाईन. पन आज लाईनीत कोन बसलंय, ते बघा."

पेवाच्या आत पंखा फिरतो आहे. आत सेवा केंद्र आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्यात, त्यांवर बायका बसल्यात, आणि पुढच्या खुर्चीत सानिका आहे. शालनची साडी, कपाळावर मोठं कुंकू. केंद्रवाला तिच्यापुढे मोबाइल धरून म्हणतो, डोळे मीट. ती मिटते. उघड, तो म्हणतो. ती उघडत नाही.

"झालं," केंद्रवाला खुशीत म्हणतो. "शालन बाबासो कोळेकर, हजर."

बायका एकेक खुर्ची पुढे सरकतात. सानिकाही मिटल्या डोळ्यांनी सरकते. केंद्राच्या त्या टोकाला आणखी एक पेव आहे, त्याच्या तोंडातून बायका एकेक करून खाली उतरताहेत. बाबासोला वडिलांचं बोलणं आठवतं. पेवात हवा कोंडलेली असते. आधी कंदील सोडायचा, तो विझला तर माणसाने उतरायचं नाही. सानिकाच्या हातात कंदील नाही.

तो तिला हाक मारतो. तोंडातून नाव निघतं ते शालनचं.

आणि सानिका वळून बघते. "काय वं?" ती म्हणते, आईच्या आवाजात.

बाबासो धावू बघतो, पण दोर हाताला गुंडाळला गेला आहे. तेवढ्यात शालन त्याचं मनगट पकडते. साबणाचा, गार, घट्ट हात.

"दोर सोडा," ती म्हणते. "मी मेले म्हना. एकदा म्हना."

तो म्हणायला तोंड उघडतो. तोंडात हळदीचा भुगा भरलेला आहे.

"पप्पा, उठा. चार वाजाय आले."

दारात सानिका उभी आहे. साडी मोठी होते म्हणून कमरेला दोनदा खोचलेली, कपाळावर कुंकू. क्षणभर त्याला कळत नाही की कुठली कोण. मग ती जवळ येते आणि त्याच्या हाताकडे बघत राहते.

"हाताला काय लागलंय?"

पिवळ्या मनगटावर बोटं उठलेली आहेत. चार इकडून, अंगठा तिकडून, लालभडक.

"साबन लागल्यागत दिसतंय," सानिका म्हणते. "पन साबन तर परवाच संपलाय. तुमी आननार हुतासा." ती मोरीत डोकावून येते. मोरी सकाळपासून कोरडी आहे.

बाबासो त्या खुणांवर आपली बोटं ठेवून बघतो. मग म्हणतो, "साडी सोड."

"का? मशीन घेनार न्हाई?"

"घेईल," तो म्हणतो. "म्हनूनच."

तिला समजत नाही. तो तिला समोर बसवतो, आपल्या हाताने तिच्या कपाळावरचं कुंकू पुसतो. कारखान्यात शंभर किलोचं पोतं पाठीवर घेण्याआधी घेतो, तसा तो छातीभर श्वास घेतो.

"आई मेली, सानू."

"मला म्हाईताय की," ती म्हणते. आणि मग साडीच्या ओच्यात तोंड खुपसून रडू लागते. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. बाप बोलत नाही तर आपणही बोलू नये, असं तिने धरलं होतं.

तो मेहुण्याला फोन लावतो. उद्या ग्रामसेवक भेटतील का, विचारतो. कशाला, मेहुणा विचारतो, आणि त्याला तेच पुन्हा म्हणावं लागतं. दुसऱ्यांदा म्हणणंही काही सोपं जात नाही. उशीर केलात, आता हेलपाटे पडतील, मेहुणा सांगतो. घेतलेले पैसे परत मागतील कदाचित, हेही सांगतो. बाबासो हो हो म्हणत राहतो.

सानिका फ्रॉक घालून येते, साडीची घडी ट्रंकेत ठेवते आणि चहा टाकते. गॅस दोनदा फडफडतो नि विझतो. ती टाकी हलवून बघते, आडवी करून पुन्हा पेटवते, कसाबसा एक कप होतो. तो दोघं वाटून घेतात.

मग ती ओलं फडकं आणून त्याचं मनगट धरते, तर तो हात मागे घेतो.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणतो. "आजचा दिवस ऱ्हाऊ दे."