कुसुमकाकूंची पिशवी आणि व्हिटॅमिन डी

"त्या पोरीला गोळ्यांचं सांगू नकोस हं. घाबरेल बिचारी."

पडद्यापलीकडून नानाकाकांचा आवाज आला. ती पोरगी म्हणजे मी. ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीतल्या एका ल्युपस क्लिनिकमध्ये मी डाएटिशियन होते. शिक्षण सगळं इंग्लिश मीडियममधलं, त्यामुळे मराठीत पटकन बोलणं जमत नसे. समजायचं मात्र सगळं.

ल्युपसमध्ये शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटते. उन्हाने आजार भडकतो, म्हणून ऊन टाळायचं. ऊन नाही म्हणजे व्हिटॅमिन डी कमी, त्यात आजारावरच्या स्टिरॉइड्सनी हाडं ठिसूळ. म्हणून आमच्याकडे डीची एक छोटी गोळी देत असत.

नानाकाकांच्या बायको कुसुमकाकू आमच्या पेशंट, ती नेमाने घेत होत्या. तरी मळमळ होती, सारखी तहान होती. रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलेलं, किडनीचे रिपोर्टही बिघडलेले.

"ल्युपस किडनीत शिरलेला दिसतोय. सोमवारी बायॉप्सी," माझे बॉस डॉ. हॅरिस म्हणाले. म्हणजे पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढायचा. "तू फक्त दूध किती पितात ते विचारून ये."

मी पडदा सरकवला. दुधाचं विचारलंच नाही.

"काकू, कुठल्या गोळ्या?"

नानाकाका छताकडे बघू लागले. काकूंनी पर्समधून एक फुगलेली पिशवी काढली.

"ही सदाभावजींची. हार्टचे डॉक्टर आहेत ना ते. ही पार्सिपनी गावातल्या मावशींची. आणि हे कॉड लिव्हर ऑइल, शेजारच्या शहाबेननी दिलेलं. डोळे मिटून घेते गं. चतुर्थी सोडून."

सगळ्यांत व्हिटॅमिन डी होतं. सदाभावजींची गोळी तर आठवड्याला एकच घ्यायची, इतकी स्ट्राँग.

"ही कधी घेता?"

"रोज. औषध कुणी आठवड्याने घेतं का?"

जास्तीचं डी लघवीवाटे निघून जात नाही. ते शरीरात साठतं, कॅल्शियम वाढवत राहतं आणि त्याने किडनी बिघडते.

"डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"त्यांना वाईट वाटलं असतं. त्यांची गोळी पुरत नाही, असं."

डॉ. हॅरिसनी पिशवी टेबलावर उपडी केली आणि एकेक लेबल वाचून काढलं. मग म्हणाले, "बायॉप्सी पुढे ढकला. हे सगळं बंद."

"बंद म्हणजे? लोकांना काय सांगू?" नानाकाका मला मराठीत म्हणाले. "रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला आहेत. तू ये. तूच सांग."

मलाही नाही म्हणता आलं नाही.

पुढे कॅल्शियम हळूहळू उतरलं, किडनी सावरली, बायॉप्सी टळली. पेशंटची हिस्ट्री घेताना नातेवाइकांचीही घ्यावी, एवढं मी शिकले. पण त्या रविवारी यातलं काहीच अजून घडलेलं नव्हतं.

एडिसन गावातल्या त्यांच्या घरात भर दुपारी पडदे ओढलेले होते. पानं वाढली होती. आल्यापासून मी फक्त "थँक्यू" आणि "बास" एवढंच बोलले होते. सदाभावजींनी खिशातून नवी बाटली काढली आणि काकूंच्या ताटाशी ठेवली.

"वहिनी, जुनी संपली असेल ना? ही आणखी स्ट्राँग आहे."

काकूंनी नानाकाकांकडे पाहिलं. नानाकाका कोशिंबिरीत काहीतरी शोधत होते. काकूंनी बाटली उचलली आणि झाकण फिरवायला लागल्या.

मी हात पुढे केला. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला.

"काकू, ती बाटली मला द्या. या सगळ्यांचं प्रेम तुमच्या किडनीला झेपत नाहीये."