गाळातली पऱ्हाट्यांची रांग

ती संध्याकाळ आठवली की ओल्या जमिनीवर पाय टाकण्याआधी मी आजही थांबतो.

धुळे जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत धरण होतं. हिवाळा सरताना पाणी मागे हटतं, विस्तीर्ण गाळ उघडा पडतो आणि त्यावर हंस, चक्रवाक उतरतात. तो भाग पक्ष्यांसाठी राखीव आहे. काठाच्या पट्ट्यात मात्र गावकरी टरबुजं लावतात.

दुपारी जळगावच्या एक बाई ठाण्यात आल्या. नवरा सकाळी पक्षी बघायला गेला होता. गाडी काठावर, फोन बंद. "साहेब, त्यांना पोहता येत नाही हो," एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मिसिंग नोंदवून मी पाटबंधारे कार्यालयात फोन लावला. वरच्या धरणातून शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलेलं होतं. दिवस मावळेपर्यंत ते पाणी या गाळावर चढणार होतं, आणि सुटलेलं पाणी मागे बोलावता येत नाही.

तेवढ्यात काठावरच्या चहावाल्याचा फोन आला. गावातला एक मासेमार गळ्यात भारी दुर्बीण घालून पळताना त्याला दिसला होता. आम्ही त्याला घरातून उचललं. दुर्बीण त्या बाईंनी लगेच ओळखली आणि त्या मटकन खाली बसल्या.

"माले सापडनी, साहेब. मी ते काठवर बठेल व्हतु." दुर्बीण काठावर सापडली, असं तो अहिराणीत सांगू लागला.

आमच्या हवालदार नानांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. मांड्यांपर्यंत काळा गाळ वाळला होता. "काठावर बसून एवढी मेंदी कोणी काढून दिली रे तुला?"

नाना आवाज चढवू लागले तसा तो आक्रसला. मी नानांना बाहेर पाठवलं आणि खुर्ची त्याच्यासमोर ओढली. "बाकीचं नंतर बघू. आधी सांग, माणूस जिवंत आहे का?"

"जित्ता शे, साहेब. कंबरपर्यंत फसेल शे. मन्हा पोतामा पाखरे व्हतात. तुम्ही माले धरशात म्हनीसन मी पयनु."

राखीव भागात तो जाळी लावत होता. अडकलेल्या माणसाने त्याला हाक मारली, दुर्बीण त्याच्याकडे फेकली, "ही घे, पण कोणाला तरी बोलाव," म्हणाला. हा आधी पोतं लपवायला धावला. मग रस्त्यावर आमची जीप दिसली आणि घरात दडून बसला.

आम्ही काठावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. टरबुजाच्या वाड्यांमधून पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांची, सरळ रांग पाण्याकडे गेली होती. गाळातला बांध दरवर्षी बुडतो, म्हणून लोक आपापल्या वाडीची हद्द दाखवायला अशा काड्या रोवतात. हद्दीला घट्ट जमीन आणि दलदल सारखीच. शहरातल्या माणसाला ती पायवाट वाटली. वरून भेगाळलेल्या, वाळलेल्या गाळाने त्याला बरंच आत जाऊ दिलं होतं.

रांगेच्या टोकाशी फक्त डोकं, खांदे आणि हात दिसत होते. पाणी त्याच्या काखेपर्यंत आलं होतं. ओरडून ओरडून आवाज गेला होता.

वाडीवरच्या दोन खाटा आणल्या. मासेमार माझ्याकडे वळला. "मन्हावर केस व्हई ना?"

"होईल," मी म्हणालो. "पण पुढे कोण गेलं, तेही लिहीन."

तो खाटेवर पालथा पडून पुढे सरकला. एक खाट मागून पुढे, मग दुसरी. त्याने त्या माणसाच्या काखेतून दोर घातला. आम्ही काठावरून ओढत होतो, गाळ सोडत नव्हता. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा एक पाय सुटला, मग दुसरा.

पाखरांचा गुन्हा वनखात्याने दाखल केला. माझ्या जबाबात मी दोन्ही गोष्टी लिहिल्या.

अशा ठिकाणी जाणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: स्थानिक माणूस सोबत घ्या, पाणी कधी सुटणार ते विचारा, पाय रुतला तर उभं राहून धडपडू नका, आडवे व्हा.

माझा धडा वेगळा होता. दवाखान्यात जबाब देताना तो गृहस्थ म्हणाला, "तो पळाला तेव्हा मला राग आला नाही, साहेब. मी गाळात होतो, पण माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरलेला दिसत होता."

त्याची भीती गाळाची नव्हती. आमची होती. आणि तिच्यापायी एक माणूस बुडत होता.