पिवळं फडकं

आज बांबूवर ओटा पुसायचं पिवळं फडकं वाळत घालताना तो सोमवार आठवला. अमेरिकेतली रविवारची, हातात चेंडू घेऊन पळायच्या त्यांच्या फुटबॉलची मॅच सिंगापुरातल्या आमच्या पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये सोमवारी सकाळी दिसते, म्हणून जावई आणि त्यांचा ऑफिसातला मित्र रजा टाकून टीव्हीपुढे बसले होते. पोहे खाताखाताच नव्या कोचवरून दोघांची जुंपली. "हा कोच आलाय, यंदा कप आमचाच," जावई म्हणाले. "शंभरात पाच चान्स, लिहून घे," मित्र हसला. मी नेहमीसारखी सोफ्यामागे स्टुलावर लसूण सोलत होते. जावयांसमोर मी फारशी बोलत नसे. पण पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला पंच मध्येच पिवळं फडकं का फेकतो, याचं मला भारी कुतूहल, म्हणून मी एकही मॅच चुकवत नव्हते आणि कोणाची काय चूक झाली की ते पडतं, हे हळूहळू माझं मलाच कळू लागलं होतं. तेवढ्यात पंचाने फडकं फेकून जावयांच्या टीमचे गुण रद्द केले. "आंधळा आहे हा!" जावई ओरडले. "रडू नकोस," मित्र म्हणाला, तसे जावई टीव्ही बंद करायलाच उठले. माझ्या तोंडून निघून गेलं, "खेळ सुरू करायला चेंडू उचलायच्या आधीच तुमचा कडेचा गडी पुढे सरकला होता." दोघंही वळले. त्यांच्याच घरात राहून त्यांच्याविरुद्ध बोलले, या विचाराने मी पुन्हा लसणात मान घातली. जावयांनी तेवढा भाग मागे नेऊन पाहिला. गडी सरकला होता. "आई, अजून काय काय दिसतं तुम्हाला?" असं म्हणत त्यांनी माझं स्टूल उचलून सोफ्याशेजारी ठेवलं. ते अजून तिथेच आहे. लसूण मात्र आता मॅच संपल्यावर सोलते.