आईच्या रायफलीचा मागचा चाप

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी बाबांना सिंगापूरला घेऊन आले. आम्ही तेव्हा वुडलँड्सला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. मी एका बँकेत अकाउंट्स बघायचे, नवरा जुरोंग आयलंडवर इंजिनीअर. सकाळी आम्ही दोघं बाहेर पडलो की बाबा खिडकीशी बसत आणि समोरच्या ब्लॉकमधल्या बांबूंवर वाळणारे कपडे बघत. 'काय केलंत दिवसभर?' असं विचारलं की म्हणत, 'बसलो होतो.'

आजऱ्याकडच्या आमच्या शेतात रानडुकरांचा फार त्रास. आईच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांची रायफल आणि पीक राखायचा परवाना आईकडे आला. घरात शस्त्र तिचं होतं, बाबा शाळामास्तर. शिकारबंदीनंतर रायफल फारशी बाहेर निघत नसे, पण आईला नेमबाजीचा भारी नाद. बांधावर करवंट्या मांडून ती एकेक उडवायची. ती गेल्यावर रायफल कोल्हापूरच्या एका दुकानदाराकडे जमा करावी लागली. 'विकायची का?' असा त्याचा फोन येई आणि बाबा 'बघू' म्हणून ठेवून देत.

माझ्या नवऱ्याबरोबर कंपनीच्या बसनं जाणारे एक ऑस्ट्रियन गृहस्थ होते, साठीकडे झुकलेले, एकटे राहणारे. नवऱ्यानं त्यांना एका रविवारी जेवायला बोलावलं. जेवताना त्यांनी सहज सांगितलं, की शरद ऋतूत सुट्टी घेऊन ते गावी हरणाच्या शिकारीला जातात. बाबांनी आमटीची वाटी खाली ठेवली.

"चाप एक की दोन?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

गृहस्थ बघतच राहिले. "दोन. तुम्हाला कसं माहीत?"

"आमचीही दोन चापांची होती."

मग दोघंही आम्हाला विसरले. मला दोन चापांची भानगड ठाऊक होती, नवऱ्याला नव्हती, म्हणून मी त्याला समजावलं: मागचा चाप ओढला की गोळी सुटत नाही, नुसता 'टक्' असा आवाज होतो आणि पुढचा चाप एकदम हलका होतो. इतका, की बोट टेकलं की बार. मागच्याला हात लावला नाही, तर पुढचा नेहमीसारखा जड.

"मी मागच्याशिवाय कधी झाडतच नाही," गृहस्थ म्हणाले. "जड चाप ओढताना नळी हलते. मग जनावर जखमी होऊन पळतं आणि तडफडत मरतं."

"आणि पाय घसरला तर?" बाबा म्हणाले. "तो चाप म्हणजे नसतं धाडस. आपण कधी झाडायचं ते आपल्या बोटाला कळलं पाहिजे."

त्यानंतर ते गृहस्थ दर रविवारी मेट्रोनं वुडलँड्सला येऊ लागले. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत, दोघं कोपी, म्हणजे तिकडची कॉफी, घेऊन बसत आणि तोच वाद घालत. चमचे आडवे-उभे लावून चापांची रचना दाखवत. बाबांचं इंग्रजी अडलं की मी दुभाषी.

एकदा गृहस्थांनी विचारलं, "इतका राग आहे तर त्या मागच्या चापाला हात तरी लावलात कधी?"

बाबांनी टेबलावरचे चमचे गोळा करून बाजूला ठेवले. मग मराठीत, माझ्याकडे न बघता बोलू लागले. "रायफल माझी नव्हती. हिच्या आईची. तिची बोटं बारीक, पुढचा चाप तिला जड जायचा, म्हणून ती मागचा ओढूनच झाडायची. पुढे तिचे हात थरथरायला लागले. दोन चापांच्या मधे एक बारीक स्क्रू असतो, त्यानं हलकेपणा कमी-जास्त करता येतो. ती बाजारला गेली की मी तो थोडासा फिरवून हलकेपणा कमी करायचो. चुकून बार होऊ नये म्हणून. रायफल ठेवून दे म्हणायला माझा जीव होईना. तिला काहीच कळलं नाही."

मी हे इंग्रजीत सांगायला लागले आणि अडखळले. हातातला कप खाली ठेवला.

"बाबा, तिला कळलं होतं."

"काय?"

"मी दिवाळीला गावी आले होते तेव्हा आई बांधावर मला म्हणाली, 'तुझे बाबा स्क्रू फिरवतात. त्यांना वाटतं, मला समजत नाही.' मी म्हटलं, मग विचारत का नाहीस? तर म्हणाली, 'तोंडानं सांगायला गेले असते तर मी भांडले असते. असं सांगतात, तर ऐकते.' कोणाला बोलू नकोस म्हणाली होती. आणि बाबा, शेवटी शेवटी ती मागचा चाप ओढतच नव्हती. जडच ओढायची, दोन बोटांनी. म्हणून करवंट्या चुकायच्या."

बाबांनी चष्मा काढला. "तरीच," ते म्हणाले. "ओसरीवर बसून मी त्या 'टक्'कडे कान लावायचो. येईना. मला वाटलं, माझे कान गेले."

ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांचा चेहरा कसानुसा झाला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. गृहस्थांना मराठी काही कळलं नव्हतं. ते मुकाट्यानं उठले, स्टॉलवरून बाबांसाठी दुसरी कोपी घेऊन आले आणि त्यात साखर ढवळून कप पुढे सरकवला. मग मी त्यांना सगळं सांगितलं. ते बाबांना एवढंच म्हणाले, "मला तुमची बायको आवडली असती."

"तुमच्याच बाजूनं बोलली असती," बाबा म्हणाले.

त्या आठवड्यात बाबांनी स्वतःहून कोल्हापूरला फोन करून रायफल विकायला सांगितलं. पुढच्या रविवारी गृहस्थ त्यांना सिंगापूरजवळच्या जंगलानं भरलेल्या उबिन बेटावर घेऊन गेले, मीही गेले. बोटीतून उतरून आम्ही पायवाटेनं बरंच आत चाललो. अचानक बाबांनी हात वर करून आम्हाला थांबवलं. झाडीत रानडुकरीण होती, मागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. दोघं म्हातारे श्वास रोखून उभे राहिले. पिल्लं पडलेली फळं हुंगत आमच्या पुढून गेली, शेवटचं रेंगाळलं, मग धावत सुटलं.

"आमचा भात यांनीच खाल्ला," बाबा कुजबुजले, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिले.